चाळिशीनंतर क्लाउडचे शिक्षण

क्लाउड म्हणजे ढग. परंतु आपली माहिती आभाळात राहत नाही. ती दुसऱ्याच्या इमारतीतील संगणकांत राहते व आपण त्यांचे भाडे भरतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, तर ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. नेरच्या कार्यालयातून तेथवर जाणारी वाट म्हणजे नेटवर्क होय.

बँक, टपाल, वीज अशा खात्यांत वीस वर्षे नोकरी केलेले बांधव ‘हे मुलांचे काम’ म्हणून मागे सरतात. आम्हांस हे मान्य नाही. १९७२ पासूनच्या पिनकोडात पहिले तीन अंक विभाग दाखवितात, शेवटचे तीन टपाल कार्यालय. १९२.१६८.१.२५ या पत्त्यातही सामान्यतः पहिले तीन आकडे जाळे दाखवितात व शेवटचा त्यातील यंत्र. टपाल वाटलेल्यास यात नवे ते काय?

आधी नेटवर्क, मग लिनक्स, नंतर क्लाउड असा क्रम ठेवावा. ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. परीक्षेस मात्र शुल्क पडते. सरावासाठी भाड्याने घेतलेले यंत्र काम संपताच बंद करावे. विजेच्या मीटरप्रमाणे त्याचेही बिल चढत असते.

लाइन गेली तर काय? दुसरी प्रत कोठे आहे? किल्ली कोणाकडे? हे प्रश्न अनुभवी माणसाला आधी सुचतात. त्याची खरी अडचण वय नव्हे, तर धाकट्यांना विचारण्याचा संकोच. तो सोडावा, आणि विद्यार्थ्यांनीही घरातील वडीलधाऱ्यांना न हसता शिकवावे, एवढीच आमची विनंती.