कंदील इथला, वात घरची

परदेशात स्थिरावणं म्हणजे नोकरी, घर आणि गाडी, असा आपला समज असतो. पण बरोबर लहान मुलं असली की खरं स्थिरावणं त्यांच्यापासून सुरू होतं आणि बघता बघता ती आईबापांच्या पुढे निघून जातात. जर्मनीतल्या एका मराठी घराचा हा तीन वर्षांचा जमाखर्च.

श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात आम्ही उतरलो तेव्हा २०२२ सालचा जुलै होता. रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर ऊन. "झोपा आता" म्हटलं की थोरली खिडकीकडे बोट दाखवायची. "आई, अजून दिवस आहे." तिचंही खरंच होतं. पुण्याच्या साडेपाच वर्षांच्या मुलीला 'दिवेलागण झाली, घरात या' एवढं एकच घड्याळ ठाऊक. इथल्या खिडक्यांना बाहेरून गुंडाळी पडदे का असतात, ते आठवडाभरात कळलं. रोज पट्टा ओढून आम्ही हातानं रात्र करायचो, आणि मग दोन वर्षांचा धाकटा एकदाचा झोपायचा.

नोव्हेंबरात हेच चित्र उलटं झालं. संध्याकाळी पावणेपाचला सूर्य मावळायचा. मुलं विचारायची, "आज लवकर का संपलं?"

नवरा गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. श्टुटगार्ट हे गाड्यांचं शहर, आणि १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर, त्यामुळे इथं मराठी माणूस भेटणं अगदीच नवलाचं नाही. आमच्यासारखे बहुतेक जण 'ब्लू कार्ड' नावाच्या परवान्यावर येतात. जर्मनीनं तो २०१२ साली सुरू केला. त्याची एक सोय अशी, की नवऱ्याबरोबर येणाऱ्या बायकोला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि इथं आल्यावर नोकरीही करता येते. ही सोय ऐकून मला फार बरं वाटलं होतं. भाषा न येता नोकरीला परवानगी असणं म्हणजे पोहता न येता विहिरीचा पास मिळणं आहे, हे नंतर समजलं.

त्याआधीचा एक किस्सा इथले जुने भारतीय अजून सांगतात. २००० साली जर्मन सरकारनं संगणकतज्ज्ञांना परदेशातून बोलवायचं ठरवलं, तेव्हा एका प्रांताच्या निवडणुकीत युर्गेन रुटगर्स या नेत्याच्या प्रचारातून 'भारतीयांऐवजी मुलं' अशा अर्थाची घोषणा गाजली. बाहेरचे तज्ज्ञ आणण्यापेक्षा आपली मुलं तयार करा, असा तिचा रोख. जर्मन भाषेत हे दोन शब्द यमकात बसतात, म्हणून ती लोकांच्या तोंडी राहिली. निवडणूक मात्र ते हरले. आज त्याच देशात भारतीय आपापली मुलं कडेवर घेऊन बालवाडीच्या रांगेत उभे असतात.

रांग हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. २०१३ पासून इथं एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला बालसंगोपन केंद्रात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, पण जागा पुरेशा नाहीत आणि शिक्षकही कमी. थोरलीला ऑक्टोबरात 'किटा'मध्ये जागा मिळाली. धाकट्याला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं.

'किंडरगार्टन' हा शब्द जगाला याच देशानं दिला. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या संस्थेला हे नाव दिलं, मुलांची बाग या अर्थानं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी मुलाच्या अंगणात नेली, ती याच वंशातली. पण माझ्या मनातली बालवाडी म्हणजे जूनमधलं फाटक. आत ओढलं जाणारं रडतं मूल, बाहेर डोळे पुसणारी आई, आणि "जा हो तुम्ही, गप्प होईल" म्हणणाऱ्या बाई.

इथं पहिले तीन दिवस मीच थोरलीबरोबर वर्गात बसले. दिवसाला जेमतेम तासभर, मग दोघींनी घरी यायचं. चौथ्या दिवशी तिला नीट सांगून मी काही मिनिटं बाहेर गेले आणि परत आले. मग ती मिनिटं वाढत गेली. या रुळण्याच्या काळासाठी जर्मन भाषेत खास शब्द आहे आणि त्यासाठी आई किंवा वडील काही आठवडे मोकळे असावे लागतात. मला आधी हा वेळेचा अपव्यय वाटला. नंतर वाटलं, असं मला कुणी रुळवलं असतं तर!

थोरली रडली नाही. पण ती बोलेचना. घरी टकळी अखंड चालू आणि किटात चार महिने तोंडातून शब्द नाही. मी हादरले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत शिक्षिकेला विचारलं, "घरी आम्ही जर्मन बोलायला लागू का?" ती शांतपणे म्हणाली, "नको. घरी तुमची भाषाच बोला, आणि भरपूर बोला. ती गप्प नाहीये, गोळा करते आहे." परक्या भाषेत पडलेली मुलं पुष्कळदा असा मौनाचा काळ काढतात, हे मला नंतर वाचून कळलं.

फेब्रुवारीत एका मुलानं तिचं फावडं ओढलं आणि बाईसाहेब कडाडल्या, "ते माझं आहे!" व्याकरण अचूक. परक्या भाषेतलं पहिलं वाक्य हक्काचं निघालं.

डब्याची गोष्ट निराळी. सकाळच्या मधल्या खाण्याला इथं 'फेस्पर' म्हणतात. बाकीच्यांच्या डब्यात पाव, चीज, काकडी. थोरलीची पोळी-भाजी दोन दिवस तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी केली आणि डबा चाटूनपुसून रिकामा आला. शेजारच्या मुलीनं अर्धी गुंडाळी मागून घेतली म्हणे. पाऊस असो की बर्फ, मुलं रोज बाहेर खेळणारच. 'हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात' ही इथली म्हण. त्यामुळे चिखलात बसायची रबरी विजार हा माझ्या घरातला सगळ्यात जास्त धुतला जाणारा कपडा झाला.

मोठ्यांना रुळवायचं काम शेजाऱ्यांकडे असतं. या भागात 'केअरवोख' म्हणून प्रथा आहे. इमारतीचा जिना झाडायची आणि पुसायची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरते. दारावर पाटी लटकली की पाळी तुमची. पहिल्यांदा ती पाटी मला शोभेची वाटली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी शनिवारी दार वाजवलं, जिन्याकडे बोट दाखवलं आणि काही न बोलता स्वतःची बादली माझ्या हातात दिली. आमची ओळख झाली ती अशी.

२०२३ च्या सप्टेंबरात थोरली पहिलीत गेली. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्याएवढा उंच कागदी शंकू देतात, आत खाऊ आणि पेन्सिली. तिनं तो मिरवला. आणि थोड्याच दिवसांत शाळेच्या फाटकाशी माझा हात सोडवून हळूच म्हणाली, "आई, इथं मराठी बोलू नकोस ना."

कोणी चिडवलं होतं का? नाही. कोणी काही बोललंही नव्हतं. तिला फक्त इतरांसारखं व्हायचं होतं. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. मुलं दूर जातात ती पंचविसाव्या वर्षी, असं आपण धरून चालतो.

त्याच हिवाळ्यात धाकट्याचा कान दुखू लागला. नवरा बाहेरगावी. डॉक्टर भरभर विचारत होत्या, मी थोरलीकडे पाहत होते, आणि साडेसहा वर्षांची पोर मला मराठीत आणि त्यांना जर्मनमध्ये सांगत होती. घरी आल्यावर ती रडायला लागली. "मला एक शब्द नाही कळला, मी तो सोडून दिला. त्याला काही होईल का?" मी फोन करून खात्री करून घेतली. काही बिघडलं नव्हतं. पण भावाच्या दुखण्याचं ओझं मी तिच्या खांद्यावर ठेवलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळच्या भाषावर्गात नाव घातलं. चाळिशीला टेकलेल्या बाईनं 'हे माझं नाव' पासून सुरुवात केली. गृहपाठ तपासायला थोरली. माझे उच्चार ऐकून ती हसते, आणि ते हसणं मला चालतं.

इथलं कॅलेंडर आणि आपलं पंचांग यांचा मेळ क्वचित बसतो. २०२३ च्या दिवाळीत तो बसला. ११ नोव्हेंबर हा सेंट मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणाऱ्या या संताच्या स्मरणार्थ मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून मिरवणुकीनं निघतात. किटाची मिरवणूक आदल्या दिवशी, शुक्रवारी होती, आणि तीच आपली धनत्रयोदशी. धाकट्याच्या कंदिलाला पतंगाचा ताव आणि खळ. काळोख्या रस्त्यावरून शंभरेक कंदील हलत निघाले, तेव्हा थोरली माझा हात घट्ट धरून मोठ्यांदा म्हणाली, "आई, हे पण दिवाळी करतायत!" फाटकाशी मराठी नको म्हणणारी हीच ती. घरी येऊन दारात पणती लावली आणि दोन्ही कंदील गॅलरीत टांगले. फटाके इथं वर्षअखेरीलाच उडवता येतात. त्यांची आठवणही कुणाला झाली नाही.

आजी-आजोबांचं मात्र गणित सुटत नाही. पाहुण्यांच्या व्हिसावर त्यांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. नातवंडांना आजीची सवय लागते न लागते तोच विमानाची तारीख येते. मग उरतो तो व्हिडिओ कॉल. उन्हाळ्यात मुलं साडेतीनला घरी येतात तेव्हा पुण्यात सात वाजलेले असतात. आजी देवापुढे दिवा लावते आणि इथं भर उन्हात 'शुभं करोति' होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. सासूबाई तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत आठ वाजता पुन्हा एकदा दिवा लावतात. देवासाठी सातचा, नातवंडांसाठी आठचा.

शाळा चालू असताना मुलांना गावी नेता येत नाही. इथं शाळेत जाण्याची सक्ती आहे, आणि लग्नकार्य किंवा स्वस्त तिकीट ही सबब चालत नाही. हाती राहते ती उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुटी. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला, नेमके सुटीत आले. तीन वर्षांनी मुलांनी आरतीत टाळ्या वाजवल्या. चुलत भावंडांनी त्यांना 'जर्मन' नाव ठेवलं. धाकटा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "तिकडे मला इंडियन म्हणतात, इकडे जर्मन. मग मी कोण?" मी म्हटलं, "आधी मोदक खा." उत्तर सुचलं नाही, म्हणून.

परत जायचं की राहायचं, हा प्रश्न आम्ही 'दोन वर्षांनी बघू' म्हणून ठेवला होता. पण मुलांची शाळा थांबत नाही. इथं चौथीनंतर वाटा फुटतात. एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसऱ्या धंदेशिक्षणाकडे. पुढे वाट बदलता येते, तरी आईबापांची झोप उडवायला तेवढं पुरतं. २०२५ च्या सप्टेंबरात थोरली तिसरीत गेली. चौथीआधी ठरवायला हवं, एवढंच आमचं ठरलं आहे.

त्या ऑक्टोबरात मी जिना पुसत होते. पाटी आमच्याच दारावर होती. खालच्या आजीबाई थांबल्या आणि थोरलीला विचारू लागल्या, "यंदा तुमचा कंदील अजून लागला नाही तो? मी वाट बघतेय." थोरलीनं त्यांना वसुबारसेपासून सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून, चांगली पाच मिनिटं. मी फडकं पिळत ऐकत होते. कुणी भाषांतर करून सांगावं लागलं नाही.