बदलाचे नेतृत्व आणि विनयाची कार्यपद्धती

आपल्या समाजाच्या एका पिढीने गिरणीत, रेल्वेच्या यार्डात आणि नगरपालिकेच्या सफाई खात्यात आयुष्य वेचले. तिच्या मुलानातवंडांपैकी अनेकजण आज बँकांत, शासकीय खात्यांत, महामंडळांत निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर बसले आहेत. त्यांच्यापुढे वरचेवर एक अवघड काम येते. नवी यंत्रणा आणावयाची असते, एखादे खाते दुसऱ्यात विलीन करावयाचे असते, कायम स्वरूपाचे काम कंत्राटदाराकडे सोपवावयाचे असते. आदेश वरून आलेला असतो, आणि तो खालच्या माणसांपर्यंत पोहोचविण्याचे उत्तरदायित्व या अधिकाऱ्यावर असते. हे काम धम्माला अनुसरून कसे करावे, असा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गांत अधिकारी उपासक-उपासिका अनेकदा विचारतात. त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘सर्व काही अनित्य आहे, तेव्हा बदल स्वीकारा’ असे सांगून कर्मचाऱ्यांची समजूत काढणारे वक्ते अलीकडे कार्यालयांतून बोलावले जातात. अनित्यतेचा हा उपयोग आम्हांस मान्य नाही. संस्कार अनित्य आहेत, हे तथागतांनी सांगितले. परंतु अमुक एका बदलाची किंमत अमुक एका माणसानेच मोजावी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नदीचा प्रवाह बदलणे निराळे आणि धरण बांधून गाव उठविणे निराळे. दुसऱ्या गोष्टीला कर्ता असतो आणि त्याला जाब विचारता येतो.

संघाने बदल कसे केले, हे पाहावयाचे असेल तर अनित्यतेच्या गाथांपेक्षा विनयपिटकाकडे वळावे. विनय म्हणजे एकदाच लिहून काढलेली संहिता नव्हे. प्रत्येक नियमामागे एक प्रसंग आहे; कोणीतरी तक्रार केली, कोणाची तरी अडचण झाली, त्यानंतर नियम झाला. अनुभवान्ती तो अपुरा ठरला तर त्याला पुरवणी जोडली गेली. तिला अनुपञ्ञत्ति म्हणतात. उपसंपदेचाच विधी पाहा. आरंभी भगवान स्वतः ‘ये भिक्खू’ म्हणून दीक्षा देत. दूरदूरच्या प्रदेशांतून इच्छुकांना त्यांच्यापर्यंत आणताना आणणारे आणि येणारे दोघेही थकून जात, म्हणून भिक्खूंनीच त्रिशरण देऊन उपसंपदा द्यावी अशी अनुज्ञा झाली. पुढे राध नावाच्या ब्राह्मणाच्या प्रसंगाने तोही विधी रद्द झाला आणि संघाने विधिपूर्वक ठराव करून उपसंपदा देण्याची पद्धत आली. म्हणजे सर्वोच्च नेत्याने आपला अधिकार प्रथम अनुयायांच्या हाती दिला आणि नंतर तो व्यक्तीकडून काढून समूहाकडे सोपविला. किती कार्यालयप्रमुख हे करू शकतील?

महावग्गातील चम्मक्खन्धकात एक प्रकरण आहे, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. महाकच्चान थेर अवंती प्रदेशात कुररघराजवळील डोंगरावर राहत असत. त्यांचा उपासक सोण कुटिकण्ण याला भिक्खू व्हावयाचे होते. प्रव्रज्या मिळाली, पण उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा संघ आवश्यक होता आणि त्या भागात भिक्खू थोडे. मोठ्या कष्टाने दहाजण जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनास श्रावस्तीला निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठविल्या. दहांऐवजी कमी भिक्खूंकडून उपसंपदेची अनुज्ञा मिळावी. अवंती-दक्खिणापथातील जमीन वरून काळी, खरबरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली असते, म्हणून अनेक पदरी तळाची पादत्राणे वापरू द्यावीत. तेथील लोक स्नानाला महत्त्व देतात, म्हणून वारंवार स्नान करू द्यावे. मेंढी, बकरी व हरिण यांची कातडी अंथरण्यास वापरू द्यावीत. पाचवी विनंती सीमेबाहेर गेलेल्या भिक्खूंसाठी दिलेल्या चीवरांविषयी होती. काळ्या मातीतून उन्हाळ्यात अनवाणी चाललेल्या आमच्या वाचकांना दुसऱ्या विनंतीचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या विनंत्यांत तक्रारीचा सूर नाही. प्रत्येकीमागे त्या प्रदेशाची परिस्थिती मांडलेली आहे, आणि ती मांडणारा तेथे प्रत्यक्ष राहणारा माणूस आहे. मध्यदेशात बसून हे नियम करणाऱ्यांना अवंतीची जमीन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथागतांनी पाचही विनंत्या मान्य केल्या. सीमांत प्रदेशात एक विनयधर धरून पाच भिक्खू पुरेत असे ठरले. पण सवलत मोघम ठेवली नाही. सीमांत प्रदेश कोठून सुरू होतो, हे गावे, नदी व पर्वत यांची नावे घेऊन निश्चित केले आणि मध्यदेशातील दहांचा नियम तसाच राहिला. संख्या निम्मी झाली तरी विनय जाणणारा एकजण असलाच पाहिजे, ही अट मात्र आली. कर्मचारी कमी करताना जाणकारालाच प्रथम घरी पाठविणाऱ्या आजच्या व्यवस्थापनांनी ही अट अवश्य पाहावी.

त्याच खन्धकात दुसऱ्या एका सोणाची कथा आहे. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातला, सुकुमार. चंक्रमण करताना त्याचे पाय फुटून रक्त आले. भगवंतांनी त्याला एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. त्याने ती नाकारली. संघाला अनुज्ञा मिळाली तरच मी वापरीन, असे त्याचे म्हणणे होते. मग ती संपूर्ण संघाला मिळाली. बदलाच्या काळात साहेबांच्या जवळच्या माणसांना सोयीची जागा आणि इतरांना परिपत्रक मिळते, हा सर्वांचा अनुभव आहे. नव्या व्यवस्थेवरचा विश्वास सर्वांत आधी तेथेच उडतो.

आता ठरावाच्या रीतीविषयी. ञत्तिचतुत्थकम्मात प्रस्ताव एकदा मांडावयाचा आणि नंतर तीन वेळा संघापुढे घोषित करावयाचा. ज्यास मान्य असेल त्याने मौन पाळावे, ज्यास अमान्य असेल त्याने बोलावे. संघाला सभाशास्त्राचे नियम ठाऊक होते आणि ते तो पाळीत होता, याकडे परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत लक्ष वेधले, हे वाचकांस स्मरत असेल. तथापि कार्यालयात ही रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही, असे आम्हांस वाटते. संघात मौन हे संमतीचे लक्षण होते, कारण तेथे बोलणाऱ्याची रोजीरोटी प्रस्ताव मांडणाऱ्याच्या हाती नव्हती. ज्याचा गोपनीय अहवाल आपण लिहितो आणि ज्याची बदली आपल्या सहीने होते, त्याचे मौन संमती नव्हे. म्हणून अधिकाऱ्याने प्रस्ताव तीनदा मांडावा. पण उत्तर मिळविण्यासाठी संघटनेचे प्रतिनिधी, कनिष्ठ कर्मचारी आणि कंत्राटी कामगार यांच्याशी वेगवेगळे बसावे. कंत्राटी कामगाराला तर सभेचे निमंत्रणच जात नाही, आणि बदलाचा पहिला घाव बहुधा त्याच्यावरच पडतो.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास येथे आठवतो. १९२८ साली काही गिरण्यांत मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली एका विणकराने दोनऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू चालवाव्यात अशी योजना आणली. सुमारे सहा महिने संप चालला. पण त्या वादात आणखी एक प्रश्न दडलेला होता. चांगला पगार देणारे साचेखाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ होई. आपली माणसे कमी मजुरीच्या रिंग खात्यात अडकली होती. सर्व खात्यांत समान प्रवेशाची मागणी संपाच्या मागण्यांत घेतली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला, तेव्हा कोठे ती नाइलाजाने घेतली गेली. बदल आणणाऱ्या मालकांना हा अन्याय दिसत नव्हता आणि बदलाला विरोध करणाऱ्या पुढाऱ्यांनाही तो दिसत नव्हता.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. म्हणजे आज ज्यास कार्यकारी नेतृत्व म्हणतात ते त्यांच्याकडे होते. युद्धाचा काळ, उत्पादनाची निकड, हुकूमाने सर्व काही करून घेण्याची सोय होती. तरीही ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एकत्र बसविणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि ती पद्धत कायम झाली. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली.

वज्जींच्या सात अपरिहानीय धम्मांचा दाखला देऊन आम्हांस कोणी विचारील, की अप्रज्ञप्त ते प्रज्ञप्त करू नये आणि प्रज्ञप्त ते मोडू नये, असे तर महापरिनिब्बान सुत्तातच आले आहे. मग बदल करावाच का? याचे उत्तर त्याच सुत्तात पुढे आहे. माझ्या पश्चात संघाची इच्छा असेल तर त्याने क्षुद्रानुक्षुद्र नियम काढून टाकावेत, असे तथागतांनी आनंदास सांगितले. बदलाचा अधिकार संघाला दिला, एकट्या उत्तराधिकाऱ्याला नव्हे. अडचण एवढीच झाली की क्षुद्र नियम कोणते, हे आनंदाने विचारले नाही.

राजगृहाच्या पहिल्या संगीतीत यावर मतभेद झाले. चार पाराजिक सोडून बाकी सर्व क्षुद्र, असे काही थेर म्हणाले; इतरांनी रेषा निरनिराळ्या ठिकाणी ओढली. महाकस्सपांनी लोकमताचा मुद्दा मांडला. गृहस्थांना आपले नियम ठाऊक आहेत. आपण ते मोडले तर श्रमण गौतमाचे नियम चितेचा धूर असेपर्यंतच टिकले, असे लोक म्हणतील. त्यांनी रीतसर प्रस्ताव ठेवला, संघ मौन राहिला आणि एकही नियम वगळला गेला नाही. आनंदावर ठपका आला. मला यात दोष दिसत नाही, तरी आपणांवरील श्रद्धेपोटी तो मान्य करतो, असे तो म्हणाला. महाकस्सपांचा निर्णय अतिसावध होता, असे आमचे मत आहे. परंतु नेता नुकताच गेलेला असताना संघाचे ऐक्य प्रथम राखावे, हा त्यांचा विचारही समजण्याजोगा आहे.

संगीती संपल्यावर पुराण नावाचा थेर दक्खिणागिरीहून पाचशे भिक्खूंसह राजगृहास आला. थेरांनी धम्म व विनय यांचे संगायन केले आहे, ते तू स्वीकार, असे त्याला सांगण्यात आले. थेरांनी संगायन उत्तम केले, पण मी भगवंतांच्या तोंडून जसे ऐकले तसेच धारण करीन, असे उत्तर त्याने दिले. त्याच्यावर संघाने काही कारवाई केल्याचा उल्लेख चुल्लवग्गात नाही.