विभागाचं पान कुणाचं?

‘नॅक’ची समिती मूल्यांकनाला येणार म्हटलं की विद्यापीठाच्या संकेतस्थळाला जाग येते. विभागाविभागांत फोन खणखणतात, प्राध्यापकांचे नवे फोटो मागवले जातात, जुनी इतिवृत्तं स्कॅन होतात आणि महिनोन्‌महिने कुणी हात न लावलेलं पान चार दिवसांत ताजंतवानं होतं. समिती येऊन जाते, श्रेणी लागते, पान पुन्हा झोपी जातं. मग पुढच्या जूनमध्ये प्रवेशासाठी ते उघडणाऱ्या मुलीला तिथे निवृत्त झालेले विभागप्रमुख, दोन वर्षांपूर्वीचं शुल्क आणि बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक मिळतो.

ही चूक एखाद्या खासगी क्लासच्या जाहिरातीत असती तर वाचणाऱ्याने ती चार ठिकाणी पडताळली असती. विद्यापीठाच्या पानावर तो तसं करत नाही, आणि त्याला कारण आहे. पत्त्याच्या शेवटी असलेलं ‘डॉट एसी डॉट इन’ कुणालाही विकत मिळत नाही. ‘अर्नेट इंडिया’ ही केंद्र सरकारची संस्था कागदपत्रं तपासून ते फक्त शैक्षणिक संस्थांना देते. म्हणजे त्या पत्त्यावर छापलेलं शुल्क, पात्रता किंवा तारीख ही विद्यापीठाने दिलेली अधिकृत माहिती ठरते.

कायदा काय मागतो?

माहिती अधिकार कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि ती अद्ययावत ठेवायची असते. सरकारी विद्यापीठं त्यात येतात. पीएचडीसंबंधीच्या यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोणत्या मार्गदर्शकाकडे कोणते विद्यार्थी कोणत्या विषयावर संशोधन करत आहेत, याची यादी संकेतस्थळावर ठेवून ती दरवर्षी सुधारायची असते. ‘नॅक’ला स्वयंमूल्यमापन अहवाल संकेतस्थळावर हवा असतो. ‘एनआयआरएफ’ क्रमवारीसाठी पाठवलेली आकडेवारीही तिथेच जाहीर करावी लागते.

एकाच विभागाची माहिती अशी चार दारांनी मागितली जाते, आणि दर वेळी नवी फाइल तयार होते. शिक्षकांची संख्या एका फाइलमध्ये मार्चअखेरची, दुसरीत ऑगस्टमधली, तिसरीत तासिका तत्त्वावरचे धरून. चारही फाइली आपापल्या जागी बरोबर असतात, पण वाचणाऱ्याला त्या परस्परविरोधी दिसतात. उपाय जुनाच आहे: मूळ नोंद एकाच ठिकाणी ठेवावी, बाकीच्या पानांनी तिचा दुवा द्यावा, आणि आकड्याशेजारी तो कोणत्या तारखेचा हे लिहावं.

सूचनेचा उलटा प्रवास

विद्यापीठातली एखादी साधी सूचना संकेतस्थळावर कशी पोहोचते, हे पाहण्यासारखं आहे. लिपिक ती संगणकावर टाइप करतो, प्रिंट काढतो, त्यावर सही-शिक्का होतो. मग तो कागद स्कॅन होतो आणि ‘स्कॅन००१२’ अशा नावाची थोडी तिरकी पीडीएफ पानावर चढते. सुरुवातीला जो मजकूर संगणकाला वाचता येत होता, तो या प्रवासात नुसतं चित्र बनतो. गुगलला त्यातले शब्द धड सापडत नाहीत. मोबाइलवर अक्षर बोटांनी मोठं करत बसावं लागतं. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर तर त्या फाइलपुढे गप्पच होतं.

मराठीत याला आणखी एक जुनं दुखणं जोडलेलं आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराची निरर्थक अक्षरं होतात. फॉन्ट फाइलमध्येच असला तर डोळ्यांना मराठी दिसते, पण ‘प्रवेश’ शोधलं तर एकही नोंद सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून मजकूर कुठेही शोधता येतो आणि मोठ्याने वाचूनही घेता येतो. कित्येक कार्यालयांत जुने नमुने अजून त्याच फॉन्टमध्ये पडून आहेत, आणि तारीख बदलून तेच पुढे वापरले जातात.

सरकारी संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत. विभागाच्या पातळीवर यातलं बरंचसं काम फुकटात होतं. सूचनेचा मजकूर थेट पानावर लिहायचा, सहीची प्रत हवी तर खाली जोडायची आणि फाइलला विषय व वर्ष सांगणारं नाव द्यायचं.

पत्ता बदलला की

पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तरी संकेतस्थळाचा पत्ता ‘युनिपुणे डॉट एसी डॉट इन’ हाच राहिला. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. तिथलाही ‘एनएमयू’ हा पत्ता कायम राहिला. हा शहाणपणा आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहिलं होतं, की चांगले पत्ते बदलत नसतात.

मुख्य पत्ता टिकतो, पण आतली पानं हरवतात. नवं टेंडर निघतं, नवी कंपनी येते, नवी रचना उभी राहते आणि शोधनिबंधांत, पत्रव्यवहारात, शासनाच्या फाइलींत नोंदवलेले जुने दुवे एका रात्रीत मरतात. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडेनाशी झाली होती. यावर ‘३०१’ नावाची तांत्रिक सोय आहे. घर बदलताना टपाल कचेरीला नवा पत्ता कळवून ठेवावा, तसं जुन्या दुव्यावर आलेल्याला ती आपोआप नव्या पानावर पोहोचवते. टेंडरच्या अटींत ही एक ओळ असली तरी पुरे.

सर्वांत मोठी किंमत जुन्या अभ्यासक्रमांच्या बाबतीत मोजावी लागते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रम आणि क्रेडिटची रचना बदलली. नवी फाइल आली की जुनी काढून टाकणं सोपं वाटतं. पण जर्मनीत किंवा कॅनडात आपल्या पदवीचं मूल्यांकन करून घेणाऱ्या माजी विद्यार्थ्याला तो शिकला त्या वर्षाचाच अभ्यासक्रम लागू शकतो. तो पानावर नसेल तर तिकडून इमेल येतात, इथे कपाटं उघडली जातात, आणि दहा सेकंदांचं काम तीन आठवडे रेंगाळतं. म्हणून जुना अभ्यासक्रम पुसू नये. त्यावर वर्ष घालून तो संग्रहात हलवावा.

याची उलट बाजूही आहे. एखाद्या परिषदेसाठी काढलेलं आणि नंतर विसरलेलं पान तसंच पडून राहिलं, त्यामागची प्रणाली कुणी अद्ययावत केली नाही, की तिथे घुसखोरी होते. सट्टेबाजीच्या जाहिरातींना ‘एसी डॉट इन’ची पत हवीच असते. जे जपायचं ते जपावं, आणि ज्याला कुणी वाली नाही ते बंद करावं.

काम कुणाचं?

वाली नसणं हेच बहुतेक पानांचं खरं दुखणं. संकेतस्थळाचं काम विभागातल्या सर्वांत नव्या सहायक प्राध्यापकाकडे जातं. कधी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे. कार्यभारात त्याची नोंद नसते. पासवर्ड त्याच्या खासगी इमेलला जोडलेला असतो आणि तो नोकरी सोडताना नकळत सोबत जातो. संगणक केंद्र म्हणतं, मजकूर विभागाचा. विभाग म्हणतो, यंत्रणा केंद्राची. दोघांचंही खरं असतं.

मजकूर खरा आहे की नाही, याची जबाबदारी विभागप्रमुखाची. तो वेळेवर चढवणं नेमलेल्या दोघांचं. सर्व्हर आणि सुरक्षा संगणक केंद्राची, अशी वाटणी लेखी हवी. लॉगिन पदाच्या नावे असावं, व्यक्तीच्या नाही. जून आणि डिसेंबरमध्ये विभागाच्या बैठकीत पान सर्वांसमोर उघडून वाचावं. प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटच्या तपासणीचा दिनांक आणि जबाबदार पदनाम छापावं. प्रमुखांचा संदेश, सरकती पट्टी आणि लुकलुकणारं ‘न्यू’ खाली गेलं तरी चालेल. वर शुल्क, पात्रता, तारखा, शिकवणारे, पीएचडीच्या रिकाम्या जागा आणि विचारायचं कुणाला, एवढं हवं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये प्रत्येक विद्यापीठाला माहिती तंत्रज्ञान मंडळ दिलेलं आहे. हे नियम सर्व विभागांना लागू करण्यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. असलेल्या मंडळाने ठराव करावा आणि या कामाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावेत. जोवर ते तास मोजले जात नाहीत, तोवर कितीही सुबक संकेतस्थळ विकत घेतलं तरी ते पुढच्या ‘नॅक’पर्यंत जुनंच होत राहील.