घाऊक गिऱ्हाइकाचे पाणी

घाऊक माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकास दुकानदाराने दोन पैशांची सूट दिली, तर त्यात कोणास वावगे वाटत नाही. परंतु हाच न्याय एखाद्या नगरीने आपल्या पाण्यास लावला, आणि दिवसाकाठी लक्षावधी लिटर पाणी उचलणाऱ्या कारखान्यास खास सवलतीच्या दराने पाणी देण्याचा ठराव मंजूर केला, तर त्याच नगरीत पाणीपट्टी वेळेवर भरणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात जी अस्वस्थता उत्पन्न होते, ती केवळ असूया म्हणून झटकून टाकता येत नाही. वसई-विरार महापालिकेच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या काठी वसलेल्या नायगावात तर ती अधिकच जाणवावी. कारण येथल्या नव्या वसाहतींतील अनेक कुटुंबांनी सदनिकेच्या किल्लीइतकाच टँकरवाल्याचा दूरध्वनी क्रमांक जपून ठेवलेला असतो.

तरीही सवलतीची कल्पना मुळातच अविवेकाची आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाणीपुरवठ्याचा जमाखर्च इतर धंद्यांच्या जमाखर्चाहून निराळा असतो. धरणाची भिंत, उपसा पंप, शुद्धीकरण केंद्र, डोंगर पोखरून नेलेले बोगदे आणि कोसगणती लांबीच्या जलवाहिन्या यांवर जो पैसा एकदा खर्ची पडला, तो पाणी खपले काय आणि न खपले काय, व्याजासह फेडावाच लागतो. त्यापुढे आणखी हजार लिटर पाणी पुरवायचे तर खर्च वाढतो तो मुख्यत्वे विजेचा आणि तुरटी-क्लोरिनचा. म्हणून ज्या नगरीची यंत्रणा गरजेपेक्षा मोठी आहे आणि जिचे पाणी खरोखरच पडून राहते, तिला एखादे मोठे गिऱ्हाईक कमी दराने लाभले तरी त्या मुद्दलाचा काही भार ते उचलते, आणि बाकीच्या नळधारकांचा बोजा तेवढ्यापुरता हलका होतो. शिवाय एक मोठी वाहिनी, एक मीटर, एक देयक आणि एकच वसुली, हा कारभार हजारो अर्ध्या इंची जोडण्यांची नोंद घेत, थकबाकीचे तगादे लावत फिरण्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत असतो, हे पाणीपट्टी विभागात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला सांगावे लागत नाही.

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले मिलवॉकी हे नगर एके काळी बिअरच्या भट्ट्यांनी आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांनी गजबजलेले होते. ते उद्योग ओसरल्यावर तेथील जलशुद्धीकरणाची यंत्रणा गरजेहून मोठी ठरली, आणि २०१०च्या सुमारास पाण्याचा मोठा वापर करणाऱ्या नव्या उद्योगांना सवलतीचा दर देऊन आकर्षित करावे, असा प्रस्ताव तेथे पुढे आला. ज्या गावाच्या दाराशी समुद्रासारखे गोडे सरोवर पसरले आहे, त्याने असा विचार करावा हे समजण्याजोगे आहे.

परंतु मोठ्या गिऱ्हाइकाच्या आधाराने उभारलेला संसार ते गिऱ्हाईक उठून गेले की कसा खचतो, याचीही उदाहरणे दूरची नाहीत. त्याच सरोवराच्या पलीकडील मिशिगन राज्यातील फ्लिंट या नगरीने २०१४ साली काटकसरीपायी आपला पाण्याचा उगम बदलून नदीचे पाणी घेण्यास आरंभ केला, तेव्हा तेथील जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यातील धातूचे भाग गंजू लागले. ऑक्टोबर महिन्यात कंपनीने त्या पाण्याचा त्याग करून शेजारच्या वस्तीकडून पाणी घेतले, आणि नगरीचे वर्षाला सुमारे चार लाख डॉलरचे उत्पन्न बुडाले. लोखंडाची कैफियत ऐकली गेली. तेच पाणी पिणाऱ्या माणसांची कैफियत ऐकली जाण्यास मात्र आणखी वर्षभर लागले. आपल्या देशात तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांकडून जबर दर घ्यायचा आणि आसपासच्या वस्त्यांना स्वस्त पाणी द्यायचे, अशी उलट दिशेची योजना खासगी भांडवलाच्या साहाय्याने उभी राहिली. २०११ साली नदीच्या प्रदूषणापायी मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या योजनेचा मुख्य दाताच नाहीसा झाला. सूट द्या अथवा अधिभार लावा, एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर फार वजन ठेवण्यात हा धोका असतोच.

महाराष्ट्राचा रिवाज तिरुप्पूरच्या जवळचा आहे. २००५च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण धरणांतील पाण्याचे घाऊक दर ठरवते, आणि त्या दरपत्रकात शेती व घरगुती वापर यांच्यापेक्षा उद्योगांवरचा आकार पुष्कळ अधिक असतो. त्यातही शीतपेये, बिअर किंवा बाटलीबंद पाणी यांसारख्या, पाणी हाच ज्यांचा कच्चा माल आहे अशा उद्योगांवर तो सर्वाधिक असतो. २००३च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला शेतीच्या आधीचा मान दिला होता. बराच गदारोळ झाल्यावर २०११ साली शेतीचा क्रम पुन्हा वर नेण्यात आला. मुंबई महापालिका तर घरगुती ग्राहकालाही ठरावीक मर्यादेपलीकडे चढत्या दराने पाणी देते. वापर वाढेल तसा दर उतरावा, ही कल्पना आपल्याकडील दरपत्रकांच्या वृत्तीशीच विसंगत आहे. अर्थात छापील दर एक आणि प्रत्यक्षात मोजावी लागणारी किंमत दुसरी, ही आपली जुनी परंपराही येथे पाळली जाते, आणि तिचे दर्शन घ्यायचे असेल तर नायगावइतके सोयीचे स्थळ नाही.

भाईंदरची खाडी ओलांडून, पाणजू बेटाला मागे टाकून गाडी नायगाव स्थानकात शिरते, तेव्हा दोन्ही अंगांना मिठागरांचे चौकोनी कोंडे दिसतात. या गावाचा हा जुना उद्योग पाण्याचाच होय. मात्र तो खाडीच्या भरतीचे खारे पाणी घेत असे, त्याला नगरपालिकेच्या नळाची गरज नव्हती, आणि आकाशातून पडणारे गोडे पाणी तर त्याला शत्रूसमान वाटे. पश्चिमेकडे वसईच्या वाड्यांत रहाट आणि बावखले, म्हणजे लहान तळी, होती. पावसाचे पाणी बावखलात मुरायचे, विहिरी गोड राहायच्या, आणि त्यावर केळी व पानवेली पोसल्या जायच्या. नागरीकरणाची लाट आली तसे याच विहिरींचे पाणी टँकरमध्ये भरून विकण्याचा धंदा फोफावला, उपसा वाढल्याने विहिरींत खारटपणा शिरू लागला, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध जे आंदोलन उभारले, ते महाराष्ट्रातील पाण्याच्या लढ्यांत आपले स्वतंत्र स्थान राखून आहे. पाण्याचे मोठे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न त्या वेळीही होताच. तो एखादा कारखाना नव्हता, वाढत चाललेले महानगर होते.

२००९ साली चार नगरपालिका आणि पन्नासाहून अधिक गावे मिळून महापालिका अस्तित्वात आली. तिला अनेक वर्षे सूर्या प्रकल्पातून २००, उसगावहून २०, पेल्हारहून १० आणि पापडखिंडीतून १ असे दिवसाला सुमारे २३१ दशलक्ष लिटर पाणी मिळत असे, आणि लोकसंख्या त्या आकड्याला कधीच मागे टाकून गेली होती. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ४०३ दशलक्ष लिटरची नवी योजना हाती घेतली. तिच्यातील १८५ वसई-विरारच्या आणि २१८ मिरा-भाईंदरच्या वाट्याचे. तुंगारेश्वराच्या डोंगरातील बोगद्यातून हे पाणी येऊ लागले, तरी टँकर रस्त्यावरून हटला असे झाले नाही. सकाळी दहा हजार लिटरचा टँकर सोसायटीच्या फाटकातून मागे मागे येतो, रखवालदार जमिनीतल्या टाकीचे लोखंडी झाकण बाजूला सारतो, जाड नळी आत सोडली जाते, आणि तो वहीत वेळ, गाडीचा क्रमांक व आपली सही टिपून ठेवतो. महिनाअखेरीस चिटणीस ती वही घेऊन बसतो, तेव्हा ‘टँकर’ या एका शीर्षकाखालची रक्कम पालिकेच्या पाणीपट्टीच्या रकमेला कितीतरी मागे टाकते. छापील दरपत्रकावर मात्र तेथला रहिवासी सवलतीचा ग्राहक असतो!

आणि ज्याला मोठे म्हणावे असे औद्योगिक गिऱ्हाईक येथे आहे कोठे? वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत खासगी औद्योगिक वसाहतींचे शेकडो गाळे आहेत. एखादा गाळा सुट्या भागांवर मुलामा देतो, एखादा प्लास्टिकचे साचे काढतो, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची तहान कूपनलिका आणि टँकर यांवरच भागते. म्हणजे लहान उद्योजकही येथे घाऊक दराने नव्हे, तर किरकोळीतल्या किरकोळ दराने पाणी घेतो.

शिवाय ज्या सूर्या नदीच्या पाण्यावर आपण सवलती मांडू पाहू, ते पाणी मुळात कोणासाठी अडवले होते, याचाही विसर पडता कामा नये. धामणी आणि कवडास येथील बांधकामे डहाणू, विक्रमगड आणि पालघर तालुक्यांतील सुमारे १४ हजार हेक्टर जमीन भिजवण्याच्या हेतूने झाली. त्या जमिनीचे धनी बहुतांशी आदिवासी शेतकरी होते. नगरांची तहान भागवण्यासाठी ते पाणी दक्षिणेकडे वळवण्यास तेथील लोकांनी जो विरोध केला, त्यातील तर्क सरळ होता: ज्या पाण्यासाठी आमच्या जमिनी बुडाल्या, ते आमच्या शेतापर्यंत पोचण्याआधीच दुसऱ्याच्या नळाला कसे लागते? पिण्यासाठी म्हणून मागितलेले पाणी उद्या एखाद्या कारखान्यास स्वस्तात विकले गेले, तर त्या प्रश्नास महापालिकेजवळ उत्तर उरणार नाही.

सवलतीच्या कराराची खरी परीक्षा दुष्काळात होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी लातुरात पोचली, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. न्यायालयाला असे मध्ये पडावे लागणे हेच मुळी करार अपुरे असल्याचे लक्षण होय. धरणातील साठा अमुक पातळीखाली गेला की कारखान्याचा पुरवठा आपोआप आटेल आणि त्याबद्दल भरपाई मागता येणार नाही, हे कलम पहिल्याच दिवशी कागदावर असावयास हवे. मुदत किती, दराचा फेरविचार केव्हा, उचललेले पाणी मोजणार कोण, या गोष्टी ठरावाबरोबर जाहीर झाल्याखेरीज कोणत्याही सभागृहाने हात वर करू नयेत.

मात्र एक पाणी असे आहे, की जे मोठ्या गिऱ्हाइकास निःसंकोच स्वस्त द्यावे, आणि त्याचा उत्तम दाखला आपल्याच राज्यात नागपूरने घालून दिला आहे. कोराडी येथे ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभारण्याची महानिर्मितीची, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीची, योजना होती, आणि औष्णिक वीजकेंद्र म्हणजे पाण्याचा केवढा मोठा खातेदार, हे सांगणे नको. पेंच धरणाच्या पाण्यावर शहराचा आणि शेतीचा भार आधीच होता. तेव्हा २००८ साली महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात असा करार झाला, की भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याचे १३० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र महानिर्मितीने उभारावे, दररोज ११० दशलक्ष लिटर पाणी वाहिनीने कोराडीस न्यावे, आणि त्या मैल्याच्या पाण्यापोटी महापालिकेस वर्षाला १५ कोटी रुपये द्यावेत. हिशेब मांडला तर हजार लिटरला पावणेचार रुपयांच्या आसपास भाव पडतो. नाग नदीत सोडून द्यावयाच्या घाणीवर नगरीला उत्पन्न मिळाले, कारखान्यास वर्षभर, अगदी ऐन उन्हाळ्यातही न आटणारा उगम मिळाला, आणि पेंचचे तेवढे गोडे पाणी माणसांसाठी मोकळे राहिले. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने तर २००० सालापासूनच मुंबईचे सांडपाणी शुद्ध करून आपल्या खत कारखान्यात वापरण्यास सुरुवात केली होती. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या दरविषयक धोरणात दुरुस्ती करून, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातील औष्णिक वीजकेंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले.

वसई-विरारकडे हे पाणी मुबलक आहे. दुर्दैव इतकेच, की त्याचा मोठा भाग शुद्ध न होताच नाल्यांतून खाडीत उतरतो, आणि राष्ट्रीय हरित लवादापुढे महापालिकेला त्याचा जाब द्यावा लागला आहे. बोळींजचे ३० दशलक्ष लिटरचे केंद्र दीर्घकाळ एकटेच उभे होते. ते रेल्वेच्या पश्चिमेला, विरारच्या बाजूस. गाळे पूर्वेला, वालीवकडे. मधली वाहिनी रुळांखालून न्यायची तर रेल्वेची परवानगी, खोदाई आणि पंप यांचा खर्च कोणी तरी उचलला पाहिजे, आणि कोराडीसारखा एक धनाढ्य खातेदार येथे नाही. शेकडो गाळेवाल्यांनी आपल्या संघटनेमार्फत एकाच खात्यावर सही करून, जमिनी धुणे, यंत्रे थंड करणे अशा कामांसाठी शुद्ध केलेले सांडपाणी दहा-पंधरा वर्षे उचलण्याची हमी दिली, तरच ते सर्व मिळून महापालिकेच्या दृष्टीने मोठे गिऱ्हाईक ठरतील आणि वाहिनीसाठी कर्ज काढणे शक्य होईल. तशी दरखास्त आली तर टँकरच्या भावाच्या निम्म्या दराने, किंवा त्याहूनही खाली, ते पाणी देण्यास नायगावच्या कोणा सोसायटीच्या चिटणीसाची हरकत असण्याचे कारण नाही. उलट वालीवकडे जाणारे तेवढे टँकर रिकामे झाले, म्हणजे त्याच्या वहीतली रक्कमही काही उतरेल.