मेजर लीगमधील आयुर्मान

अमेरिका आणि कॅनडा यांतील संघांची मिळून बेसबॉलची जी सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा चालते, त्या मेजर लीगमध्ये 30 संघ असून प्रत्येक संघाला हंगामाच्या बहुतेक काळात 26 खेळाडूंची यादी ठेवता येते. म्हणजे एका वेळी उपलब्ध जागा अवघ्या 780. या जागांच्या खाली ‘मायनर लीग’ नावाची अनेक पायऱ्यांची उतरंड आहे, आणि मेजर संघांशी संलग्न असलेल्या मायनर संघांची संख्या 2021 मध्ये 160 वरून 120 वर आणली गेली असली, तरी त्यांत खेळणाऱ्या हजारो तरुणांचे डोळे याच जागांकडे लागलेले असतात. वर पोहोचण्याची शक्यता किती, याची चर्चा नेहमीच होते. पोहोचलेला खेळाडू तेथे टिकण्याची शक्यता किती, हा प्रश्न मात्र त्याहून वेगळा आणि संख्याशास्त्रीय दृष्टीने अधिक उद्बोधक आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विटनॉअर, रॉजर्स आणि सेंट ओंज या संशोधकांनी 2007 मध्ये लोकसंख्याशास्त्राचे एक जुने साधन वापरून दिले. ‘जीवनसारणी’ म्हणजे प्रत्येक वयाला हयात असलेल्यांपैकी किती जण पुढच्या वर्षात मरण पावतात याचा तक्ता. आयुर्विमा कंपन्यांचा हिशेब त्यावरच आधारलेला असतो. या संशोधकांनी जन्माच्या जागी पहिला हंगाम आणि मृत्यूच्या जागी निवृत्ती ठेवली, आणि 1902 ते 1993 या काळात पदार्पण केलेल्या 5,989 खेळाडूंच्या कारकिर्दी तपासल्या. चेंडू फेकणाऱ्यांना, म्हणजे पिचरना, त्यांनी या गणितातून वगळले होते, कारण त्यांच्या कारकिर्दीची घडण निराळी असते. सरासरी कारकीर्द भरली 5.6 वर्षांची, आणि दर पाच खेळाडूंपैकी एकाची कारकीर्द पहिल्याच वर्षी संपलेली आढळली. लहान वयात पदार्पण करणारे तुलनेने अधिक काळ टिकतात, असेही त्यातून दिसले.

सरासरीपेक्षा बोलका आहे तो ‘जोखीम दर’, म्हणजे या वर्षापर्यंत टिकलेला खेळाडू याच वर्षी बाहेर पडण्याची शक्यता. माणसाच्या आयुष्यात अर्भकावस्था सरली की हा दर झपाट्याने उतरतो आणि पुढची काही दशके अगदी खाली राहतो. बेसबॉलमध्ये मात्र तो कारकिर्दीच्या कोणत्याही टप्प्यावर 11 टक्क्यांखाली गेलेला नाही. याचा अर्थ गणिताने लावून पाहण्याजोगा आहे. एकाच वर्षी आलेल्या 100 खेळाडूंपैकी पहिल्या वर्षानंतर 80 उरले आणि पुढे दरवर्षी केवळ 11 टक्केच गळले असे धरले, तर दहा वर्षांअखेर 28 जण शिल्लक राहतात. आणि 11 टक्के हा नीचांक असल्यामुळे प्रत्यक्षातील आकडा याहूनही कमी असणार, हे उघड आहे.

हे गणित करारांच्या नियमांशेजारी ठेवले की त्याची खरी धार कळते. मेजर लीगच्या यादीत 172 दिवस काढले की सेवेचे एक वर्ष धरले जाते. पहिली सुमारे तीन वर्षे बहुतेक खेळाडू किमान वेतनाच्या आसपास खेळतात, त्यानंतर लवादाकडे जाण्याचा हक्क मिळतो, आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावरच खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे कोणत्याही संघाशी स्वतःची किंमत ठरवण्यास मोकळा, होतो. दिवसांवर मोजलेली सेवा आणि हंगामांवर मोजलेली कारकीर्द यांची तंतोतंत तुलना करता येत नाही, शिवाय अभ्यासातील बरेचसे खेळाडू या नियमांच्या आधीचे आहेत. तरीही वृत्तपत्रांत झळकणारे अवाढव्य करार ज्या उंबरठ्यापलीकडे सुरू होतात, तेथवर सरासरी खेळाडू पोहोचतच नाही, हा निष्कर्ष टाळता येत नाही. अर्थात किमान वेतनही तुटपुंजे नाही: 2024 मध्ये ते 7,40,000 डॉलर होते, तर 2023 च्या करारानुसार मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ट्रिपल-ए स्तरावर, वर्षाला किमान 35,800 डॉलर ठरले. एका पायरीचे अंतर म्हणजे वीसपटींचा फरक.

कोण टिकेल याचे भाकीत संघांनाही नीट जमत नाही. 1965 पासून नवोदितांची निवड ‘ड्राफ्ट’ या क्रमवार पद्धतीने होते, आणि 1966 व 1991 मधील पहिल्या क्रमांकाचे मानकरी, अनुक्रमे स्टीव्ह चिलकॉट आणि ब्रायन टेलर, मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकले नाहीत. उलट 1988 मध्ये 62 व्या फेरीत, 1,390 व्या क्रमांकावर निवडला गेलेला माइक पियाझा 2016 मध्ये केन ग्रिफी ज्युनियरबरोबर ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे बेसबॉलच्या गौरवदालनात, दाखल झाला, आणि ग्रिफी तर 1987 चा पहिलाच क्रमांक होता. पियाझाची कथा तरुणांना आवर्जून सांगितली जाते. त्याच्या आगेमागे निवडल्या गेलेल्या शेकडो अनामिकांची कोणी सांगत नाही, आणि संख्याशास्त्र ज्याला ‘उरलेल्यांचा पूर्वग्रह’ म्हणते तो नेमका हाच. शिवाय 2021 पासून ड्राफ्ट 20 फेऱ्यांत आटोपतो, त्यामुळे बासष्टावी फेरी आता अस्तित्वातच नाही.

पिचरच्या बाबतीत अनिश्चिततेत शरीराची भर पडते. चेंडू वेगाने फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर, म्हणजे दोन हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्टीवर, जबर ताण येतो आणि ती फाटू शकते. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला आणि जॉन 1989 पर्यंत खेळत राहिला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

भारतातून 2008 मध्ये निवडले गेलेले रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू वेगळा) आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्सच्या मायनर संघांत खेळले, पण दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. तेथे पोहोचलेल्याला निवृत्तिवेतनाचा पहिला, अगदी अल्प हक्क 43 दिवसांच्या सेवेनंतर मिळतो. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षे लागतात.