होडीचा गिअर ऐकत का नाही?

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला होडीच्या यंत्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. गावाजवळून वाहतो तो मुंबई-अहमदाबादचा हमरस्ता. समुद्र तिकडे पश्चिमेला, डहाणूस. पण श्रोतेहो, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून कितीतरी तरुण खलाशी म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या आणि पुढे गुजरातेत वेरावळ-ओख्याच्या बोटींवर जातात. डोंगरात वाढलेला मुलगा तांडेल सांगेल ते काम करतो. पंख्यात जाळे अडकले की पाण्यात उतर, असे पुष्कळदा त्यालाच सांगितले जाते. तो पंख्याला हात घालतो तेव्हा वरचा दांडा ‘न्यूट्रल’वर असतो. पण खाली पाण्यातला गिअरही न्यूट्रलवर आहे ना? आजचा सारा विषय या एका प्रश्नाभोवतीच आहे.

लहान होडीला मागे टांगलेले इंजिन असते, आणि ते चालविण्याचा दांडा पुढे सुकाणूजवळ. दांडा मधोमध असला की न्यूट्रल. पुढे ढकलला की होडी पुढे, मागे ओढला की मागे. त्याच दांड्याने आधी गिअर पडतो आणि मग इंजिनाचा वेग वाढतो. म्हणून त्या पेटीतून दोन केबली निघतात, एक गिअरची, दुसरी वेगाची. आपण पाहावयाची ती गिअरची.

केबल म्हणजे नवे काही नव्हे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन या गृहस्थांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले, आणि आज सायकलच्या ब्रेकला, मोटारसायकलच्या क्लचला तीच असते. फरक एवढाच की मोटारसायकलची तार फक्त ओढते, परत नेण्याचे काम स्प्रिंग करते. होडीच्या केबलला मात्र ओढावेही लागते आणि ढकलावेही लागते. म्हणून तिची आतली तार जाड आणि ताठ असते. तिच्याभोवती प्लॅस्टिकचे अस्तर, त्यावर पोलादी तारांचे कवच आणि सर्वांवर पुन्हा प्लॅस्टिकचे आवरण.

शिक्षक बंधुभगिनींनी एक प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल घ्या, आणि मुलाला बाहेरचे कव्हर दोन्ही टोकांशी घट्ट धरायला सांगून आतली तार ओढा. पलीकडचे टोक लगेच हलते. आता कव्हर सोडून द्यायला सांगा. ओढले तर सारी केबल वळवळते, पण टोकाशी काम होत नाही. म्हणजे काम आतली तार करते खरी, पण बाहेरचे कव्हर जागेवर बांधलेले असेल तरच! होडीत नेमके हेच घडते. कव्हर धरून ठेवणारी पट्टी किंवा तिचा स्क्रू सैल होतो, दांडा पुरता सरकतो आणि गिअर अर्धाच पडतो. मग लोक नवी केबल आणावयास धावतात. बिघाड असतो चार आण्यांच्या स्क्रूचा.

तर दांडा जड झाला, किंवा गिअर पडेना, तर दोष कोठे आहे हे आधी ठरवा. दोषाची घरे तीन : वरची पेटी, मधली केबल आणि खालचा गिअर. होडी धक्क्याला बांधा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला, आणि चालकाच्या मनगटाला अडकविण्याची जी लाल दोरी असते तिची क्लिपही काढून ठेवा. इंजिनाचे झाकण काढले की केबलचे टोक गिअरच्या आर्मवर पिनेने अडकविलेले दिसेल. ती पिन काढून टोक मोकळे करा. आता दांडा हलवून पाहा. हलका झाला तर केबल आणि पेटी निर्दोष, रोग खाली गिअरकडे. तसाच जड राहिला तर पेटीकडचे टोकही सोडवा. आता पेटीचा दांडा हलका चालला तर दोषी केबल. नाही तर पेटीच. दोन पिना काढल्या की निदान झाले!

खालचा गिअर तपासताना मात्र घाई नको. आर्म हाताने सरकवताना दुसऱ्याने पंखा हळूहळू फिरवत राहावे. बंद इंजिनात दात दातासमोर आले तर गिअर पडत नाही. तो दोष नव्हे, आणि तेथे जोर केला तर धड वस्तू मोडते. न्यूट्रलमध्ये पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरला पाहिजे.

दोषी केबल बहुधा गंजलेली निघते. वरच्या आवरणाला चीर पडते, खारे पाणी आत शिरते, पोलाद गंजून फुगते आणि तार चिमटली जाते. अशा केबलीत तेल ओतण्याची आपल्याकडे फार हौस. दोन दिवस बरे वाटते, पण फुगलेला गंज तेलाने जात नाही. ती बदलावी. ग्रीस लावायचे ते टोकाच्या उघड्या दांडीला आणि खिळीला. दुसरे कारण वळणाचे. केबल कोपऱ्यातून काटकोनात दुमडून नेली की ती जड चालणारच. वळणाची त्रिज्या साधारण एका वितीहून कमी नसावी.

पुढचा गिअर नीट पडतो पण मागचा पडत नाही, अशी तक्रार असेल तर केबलची लांबी चुकली आहे. दांडा न्यूट्रलवर, गिअरचा आर्मही न्यूट्रलच्या मधोमध ठेवा, आणि केबलच्या टोकाची गुंडी फिरवीत आणा. छिद्र पिनेवर न ओढता, न ढकलता अलगद बसले पाहिजे. गुंडीचे आटे निदान ८ ते १० मिलिमीटर आत गेलेले असावेत, नाहीतर टोक सुटून यायचे. आणखी एक फसवा दोष आहे. इंजिनाचा संथ वेग गरजेपेक्षा जास्त असला की गिअर निघता निघत नाही, आणि बोल केबलला लागतो. गिअर नेहमी संथ वेगावरच, पण झटक्यात टाकावा. हळूहळू सरकवला तर दात कटकट करीत झिजतात.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. गिअरमध्ये असताना इंजिन चालू होऊ नये म्हणून खटका असतो. पण बहुतेक होड्यांत तो वरच्या पेटीत बसविलेला असतो, म्हणजे तो दांड्याकडे पाहतो, गिअरकडे पाहत नाही. केबल तुटली वा सुटली, गिअर पुढेच अडकून राहिला आणि दांडा न्यूट्रलवर आणला, तर खटका म्हणतो ‘ठीक आहे’. इंजिन सुरू होते आणि होडी उसळी घेते. त्या वेळी पंख्याजवळ माणूस असला तर? म्हणून पंख्याला हात घालणाऱ्याने दांड्यावर भरवसा ठेवू नये. किल्ली स्वतःजवळ मागून घ्यावी. खलाशाने तांडेलाकडे किल्ली मागणे हा उद्धटपणा नव्हे, आणि शहाण्या तांडेलाने मागण्याआधीच ती द्यावी.

ताबा सुटलेले यंत्र काय करते हे १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात दिसले. इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीचा ताबा सुटला, ती घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, आणि १५ जणांचे प्राण गेले. तेथील बिघाड केबलचाच होता असे माझे म्हणणे नाही. पण दुरुस्तीनंतरची चाचणी गर्दीच्या पाण्यात करू नये, एवढे त्यावरून घ्यावे.

भर समुद्रात केबल तुटली तर आधी इंजिन बंद, मग नांगर टाका. झाकण काढून चालत्या इंजिनात हात घालू नका. वरचे चाक गरगर फिरत असते आणि बाहीचे टोक ओढून घेते. जवळची बोट बोलवा. फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावा.

नवी केबल घेताना जुनीची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजून न्या, तिच्या आवरणावर छापलेले आकडेही उतरून घ्या. वेगाची केबल त्याच वयाची असेल तर तीही बदलावी. बसविल्यावर होडी धक्क्याला दोन दोरांनी बांधा, पाण्यात कोणी नाही हे पाहा, आणि संथ वेगावर पुढे, न्यूट्रल, मागे, न्यूट्रल असे दहा वेळा करा. दर न्यूट्रलला मागचे पाणी शांत झाले पाहिजे. एकदा जरी पंखा फिरत राहिला तरी दोर सोडू नका.