मोटार आपला गिअर आपण कसा बदलते



एस.टी.त अगदी पुढच्या बाकावर बसून तुम्ही कधी घाट चढला असाल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. वळण नजरेच्या टप्प्यात येते न येते तोच चालक क्लच दाबतो आणि गिअर पाडतो. इंजिन अजून कुरकुरलेले नसते, तरी तो आधीच तयारी करतो, कारण पुढचा रस्ता त्याला दिसतो. ज्या मोटारीत गिअर यंत्रच बदलते, तिला डोळे नसतात. मग ती कशावरून ठरवते? आणि वेगासाठीच बांधलेल्या स्पोर्ट्स मोटारीत बसवलेले हेच यंत्र कसबी चालकासारखे कसे वागू लागते? हे आज आपण पाहू.

गिअर कशासाठी असतो, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगायला नको. खालच्या गिअरात जोर जास्त, वरच्यात पळ जास्त. पण आकडा डोळ्यांपुढे असलेला बरा. जर्मनीत तयार होणारी पोर्शे ९११ ही मोटार घ्या. तिच्या २००८ सालच्या सात गिअरांच्या नमुन्यात ताशी ८० किलोमीटर वेगाला सातव्या गिअरात इंजिन मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेते, तिसऱ्यात सुमारे ३,७०० आणि दुसऱ्यात ५,००० च्या वर. वेग तोच, चाकेही तीच. सातव्यात पेट्रोल कमी जळते, पण रेस दिली तर गाडी जागची हलल्यासारखी वाटत नाही. दुसऱ्यात मात्र ती उसळते.

स्वयंचलित गिअरबॉक्स मुख्यतः दोन गोष्टी पाहतो: गाडीचा वेग किती आणि रेसवर पाय किती दाबलेला. या दोहोंचे एक कोष्टक त्याच्यापाशी असते. पाढ्यांच्या पुस्तकात पाहावे तसे तो त्यात पाहतो आणि गिअर टाकतो. पूर्वी हे काम तेलाच्या दाबाने चाले, आता छोटा संगणक करतो. रोजच्या वापराचे कोष्टक काटकसरीचे असते. पाय हलका झाला की चालकाला घाई नाही असे समजून ते लगेच वरचा गिअर टाकते.

नेमकी इथेच गफलत होते. वळणाआधी चालक काय करतो? रेसवरून पाय उचलतो. यंत्र समजते, हा आता निवांत झाला, आणि वरचा गिअर टाकते. गाडी वळणात शिरते तेव्हा इंजिन मंद असते. बाहेर पडताना रेस दिली की यंत्र दचकून गिअर पाडते. ऐन वळणात असा हिसका बसला आणि रस्ता निसरडा असला, तर मागची चाके घसरू शकतात. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स मोटार निघाली, तिला दोनच गिअरांचा स्वयंचलित बॉक्स होता. वेगाच्या शौकिनांनी नाके मुरडली, यात नवल नाही.

या अडचणीवर पोर्शेने १९८९ साली टिपट्रॉनिक नावाच्या गिअरबॉक्सात जो तोडगा आणला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. एकाऐवजी पाच कोष्टके ठेवली. चालक रेस कशी देतो ते पाहून यंत्र त्यांतले एक निवडी. शिवाय पाय किती झटक्यात उचलला हेही ते पाही. हळूच उचलला तर विसावा; झटकन उचलला तर पुढे वळण असणार, तेव्हा गिअर आहे तोच धरून ठेवायचा. गाडी वळणात एका अंगाला लोटली जात असली, तरीही वरचा गिअर टाकायचा नाही. म्हणजे रस्ता दिसत नाही, पण चालकाच्या पायावरून तो ओळखता येतो! (आता नकाशाचीही मदत घेतात. रोल्स-रॉइसने २०१३ साली रेथ या मोटारीत उपग्रहाच्या साह्याने पुढचे वळण आधीच हेरून गिअर ठरवण्याची सोय केली. पण ती गाडी आरामाची, शर्यतीची नव्हे.)

वर सांगितलेल्या २००८ सालच्या ९११ मध्ये आणखी एक युक्ती आहे: दोन क्लच. एकावर विषम गिअर, म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, दुसऱ्यावर सम. गाडी तिसऱ्यात पळत असता दुसरा किंवा चौथा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो तोच दुसरा धरतो, त्यामुळे जोर जवळजवळ तुटतच नाही. ही कल्पना आधी शर्यतीत तावून सुलाखून घेतलेली होती. १९८६ साली इटलीतील मोंझा येथे हान्स-योआकिम श्टुक आणि डेरेक बेल यांनी अशाच गिअरबॉक्सची पोर्शे ९६२ चालवून शर्यत जिंकली.

आता ‘स्पोर्ट’ची कळ दाबली म्हणजे काय होते? इंजिनाचे बळ तेच राहते. मुख्य बदल कोष्टकात होतो. वरचा गिअर उशिरा पडतो. ब्रेक जोरात दाबला की यंत्र एकेक गिअर आपणहून पाडत जाते आणि प्रत्येक वेळी इंजिनाला क्षणभर रेस देऊन त्याचे फेरे खालच्या गिअराशी जुळवते. जुने ट्रक-ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून मध्ये रेस देत, तेच हे काम. गर्दीच्या रस्त्यावर मात्र या मोडचा काही उपयोग नाही. इंजिन विनाकारण ओरडते आणि पेट्रोल जाते.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. स्वयंचलित गिअरच्या साध्या गाड्या आता आपल्या घाटांतही दिसतात. ‘डी’वर ठेवून उतार उतरताना पाय रेसवरून उचलला, की तेच काटकसरी कोष्टक अनेक गाड्यांत वरचा गिअर धरू पाहते. मग इंजिन गाडीला पुरेसे आवरत नाही, सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि लांब उतारावर धरेनासे होतात. ज्या गिअरात चढायचे त्यातच उतरायचे, असे चालक सांगतात. या गाड्यांनाही तेच लागू आहे. गाडीप्रमाणे ‘एल’, ‘२’, ‘एस’ किंवा हाताने गिअर बदलण्याचा ‘एम’ अशी खूण दांड्याजवळ असते. उतार सुरू होण्याआधीच ती निवडावी. वेग फार असेल तर इंजिन जपण्यासाठी यंत्र खालचा गिअर नाकारते. अशा वेळी आधी ब्रेक लावून वेग कमी करावा आणि मग पुन्हा गिअर पाडावा.